उमेदवारी की वेठ?

‘उमेदवार’ हा शब्द आपल्या भाषेत फारसीतून आला आणि येताना ‘उमेद’ म्हणजे आशा बरोबर घेऊन आला. जुन्या कचेरीत कोपऱ्यात बसून मोडीचे वळण घोटणारा मुलगा उमेदवार म्हणवीत असे आणि वकिलाच्या बैठकीत दप्तर सांभाळीत कायदा शिकणारा नवशिकाही उमेदवारच म्हणवीत असे. पगार नसे, असला तर नावापुरता असे; परंतु हाताखाली घेणारा माणूस आपल्याला काही शिकवील आणि शिकवून आपल्या पायावर उभे करील, ही खात्री त्या शब्दात गृहीत होती. आज कारखान्यांच्या फाटकांवर हा शब्द ऐकू येत नाही. ‘इंटर्न’, ‘ट्रेनी’, ‘अप्रेंटिस’ अशी त्याची नवी नावे झाली आहेत. नाव बदलल्याचे दुःख आम्हांस नाही. त्या नावाबरोबर शिकविण्याची जबाबदारीही गळून पडली आहे, हे आमचे दुःख आहे, आणि या लेखाचे प्रयोजनही तेच आहे.

संकेश्वर, हुक्केरी, निपाणी आणि पलीकडचे गडहिंग्लज या टापूतून दरवर्षी शेकडो मुले कारखान्यांत ‘एक वर्ष काढण्यासाठी’ बाहेर पडतात. कोणी बेळगावच्या उद्यमबागेतील ओतशाळांत जातो, कोणी शिरोलीला, कोणी कागलला, कोणी चाकणला, तर कोणी आंबोलीचा घाट उतरून गोव्यात वेर्ण्याच्या औषधकारखान्यांत जातो. पदविकेचे किंवा पदवीचे शिक्षण या वर्षावाचून आता पुरे मानले जात नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने प्रत्यक्ष कामाच्या अनुभवावर भर दिला आणि त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या अभ्यासक्रमातच उमेदवारी गुंफण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. धोरण म्हणून यात दोष काढण्यासारखे काही नाही. हाताने केल्यावाचून विद्या अंगी लागत नाही, हे आपल्याकडे शेतकऱ्यालाही ठाऊक आहे आणि सोनारालाही ठाऊक आहे.

आमचा आक्षेप निराळा आहे. अलीकडे आपल्याच समाजाच्या मेळाव्यांत, गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारांत आणि देवस्थानांच्या वार्षिकोत्सवांतल्या भाषणांतही एक वाक्य वारंवार कानी पडू लागले आहे. कारखान्यातील हे वर्ष म्हणजे आधुनिक गुरुकुल आहे, असे ते वाक्य. पूर्वी शिष्य गुरूच्या घरी लाकडे फोडीत, पाणी भरीत आणि सेवा करून विद्या मिळवीत. आजच्या मुलांनी चार दिवस खोकी उचलली तर बिघडले कुठे, असा सवाल वक्ते टाळ्यांच्या गजरात टाकतात. टाळ्या वाजविणाऱ्यांत त्या मुलांचे बापही असतात. वाक्य गोड आहे, परंपरेचा मान राखल्यासारखे वाटते, आणि म्हणूनच ते फार अनर्थ करीत आहे. परंपरेचे नाव घेणाऱ्यांनी आधी परंपरा काय म्हणते ते वाचावे, एवढीच आमची नम्र परंतु स्पष्ट मागणी आहे.

आपल्या धर्मशास्त्राने या विषयाचा विचार भाबडेपणाने केलेला नाही, व्यवहाराच्या म्हणजे कायद्याच्या अंगाने केला आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात ‘अभ्युपेत्याशुश्रूषा’ म्हणून एक प्रकरण आहे. सेवा कबूल करून ती न करण्यावरून उद्भवणाऱ्या तंट्यांचे ते प्रकरण होय. या स्मृतीवर विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली, ती चालुक्य सम्राट सहावा विक्रमादित्य याच्या काळात, कल्याण नगरीत. ते कल्याण म्हणजे आजच्या कर्नाटकातील बसवकल्याण. म्हणजे हा ग्रंथ काशीहून किंवा मिथिलेहून आणलेला नव्हे, तो आपल्याच मातीतला आहे. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी हिंदू कायद्याचा निवाडा मुख्यतः त्याच्या आधारे केला, हे आमच्या व्यवसायबंधूंना सांगावयास नको.

याच प्रकरणाच्या विवेचनात नारदाने सेवकांचे पाच वर्ग सांगितले आहेत. वेदविद्या शिकणारा तो शिष्य, शिल्प म्हणजे कारागिरी शिकणारा तो अन्तेवासी, वेतन घेऊन काम करणारा तो भृतक, कामगारांवर देखरेख ठेवणारा तो अधिकर्मकृत् आणि पाचवा दास. दासाला माणसांच्या यादीत असे स्थान देणारी ती व्यवस्था आज आपण टाकून दिली आहे आणि टाकली तेच उचित झाले. परंतु अन्तेवासी आणि भृतक या दोहोंना शास्त्रकारांनी निरनिराळे ठेवले, या विवेकाकडे वाचकांनी लक्ष द्यावे. एक शिकावयास आला आहे, दुसरा कमवावयास आला आहे. दोघे एकाच भट्टीपाशी उभे असले तरी मालकाचे त्यांच्याविषयीचे कर्तव्य एक नव्हे.

अन्तेवासीविषयीचे नियमही शास्त्रकारांनी घालून दिले आहेत. मुलाने नातलगांच्या संमतीने आचार्याकडे जावे आणि किती काळ राहावयाचे ते आधी ठरवून घ्यावे. आचार्याने त्याला आपल्या घरी जेवू घालावे, त्याला ते शिल्प शिकवावे, त्याच्याकडून दुसरे काम करून घेऊ नये आणि त्याला मुलाप्रमाणे वागवावे. नीट शिकविणाऱ्या निर्दोष आचार्याला सोडून जाणाऱ्या शिष्याला बळाने ठेवून घेण्याची आणि दंड करण्याची मुभाही नारदाने दिली आहे. ती आज कोणी मागणार नाही. विद्या लवकर हस्तगत झाली तरी ठरलेला काळ शिष्याने गुरुगृही काढावा आणि त्या काळातील कामाचे फळ गुरूला द्यावे, असेही याज्ञवल्क्य सांगतो. मात्र तेथेच अन्न गुरूने द्यावयाचे आहे, हेही तो विसरत नाही.

या नियमांत भावविवशता नाही. देणे काय आणि घेणे काय, याचा तो चोख हिशेब आहे. शिष्याच्या श्रमातून गुरूला लाभ होतो, हे त्यांनी लपविले नाही. त्या लाभाच्या मोबदल्यात अन्न, विद्या, मुदत आणि ‘दुसरे काम नाही’ ही चार बंधने त्यांनी गुरूवर घातली. तेव्हा कारखान्याला गुरुकुल म्हणणाऱ्यांनी आधी त्याच्या मालकाला या चार बंधनांत उभे करावे. शिष्याच्या सेवेची तेवढी आठवण ठेवायची आणि गुरूच्या कर्तव्याचा विसर पाडायचा, याला परंपरेचा अभिमान म्हणत नाहीत. कराराचा सोयीचा अर्धा भाग वाचून दाखविणे म्हणतात, आणि न्यायालयात असे कोणी केले तर न्यायाधीश त्याला खाली बसवितात.

आता आजचा कायदा पाहू. या देशात अशा शिष्यांसाठी इंग्रजांनी पहिला कायदा केला तो १८५० साली, मुख्यतः अनाथ व गरीब मुलांना धंद्याला लावण्यासाठी. स्वातंत्र्यानंतर १९६१ चा शिकाऊ उमेदवार अधिनियम आला. १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीचे पदवीधर व पदविकाधारक त्यात आले. पदवी वा पदविका मिळविण्यासाठी जो प्रशिक्षण घेत आहे, तोही त्या व्याख्येत बसतो; म्हणजे शिकता शिकता कारखान्यात वर्ष काढणारा विद्यार्थी या छत्राबाहेरचा नव्हे.

हा अधिनियम वाचताना नारदाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. लेखी करार हवा आणि तो नोंदविला गेला पाहिजे. विद्यावेतन दिले पाहिजे; परंतु नगावारी, म्हणजे जितके नग तितके पैसे, या पद्धतीने ते देता येत नाही. सल्लागार अधिकाऱ्याच्या मंजुरीवाचून जादा वेळ काम देता येत नाही, आणि ती मंजुरी प्रशिक्षणाच्या किंवा लोकहिताच्या कारणावाचून मिळत नाही. प्रशिक्षणाशी संबंध नसलेल्या कामाला मुलाला लावणे हा गुन्हा आहे. ‘दुसरे काम करून घेऊ नये’ हे नारदाचे वाक्य १९६१ च्या संसदेने आपल्या भाषेत पुन्हा लिहिले, असेच म्हणावे लागेल.

मात्र याच अधिनियमाचे अठरावे कलम सांगते की शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे, आणि कामगारविषयक कायदे त्याला लागू नाहीत. आरोग्य, सुरक्षितता आणि अपघाताची भरपाई एवढ्यापुरतेच त्याला कामगारासारखे मानले आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या श्रमसंहितांनीही या अधिनियमाखालील उमेदवाराला कर्मचाऱ्याच्या व्याख्येबाहेरच ठेवले आहे. तंटा झाला तर त्याला कामगार न्यायालयाचे दार नाही; विसाव्या कलमाप्रमाणे सल्लागार अधिकाऱ्याकडे जावयाचे आणि त्यावर शिकाऊ उमेदवारी परिषदेकडे अपील करावयाचे. आमची तक्रार या भेदाविषयी नाही. शिष्य आणि भृतक निराळे ठेवणे योग्यच आहे. परंतु ज्याला शिष्य म्हणून कामगाराच्या हक्कांपासून दूर ठेवले, त्याला शिष्य म्हणून शिकविले गेले की नाही, हे पाहणारा कोणी नको काय? पूर्वी या अधिनियमाचा भंग करणाऱ्याला कैदेची शिक्षा सांगितली होती. २०१४ च्या दुरुस्तीने कैद गेली आणि दंड उरला, तोही हजार रुपयांच्या घरातला. शेकडो कोटींची उलाढाल असणाऱ्या कंपनीला हजार रुपयांच्या दंडाने किती धाक बसावा, हे वाचकांनीच ठरवावे.

याहून मोठी पळवाट निराळीच आहे. २०१९ साली सुधारलेल्या नियमांप्रमाणे तीस किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या आस्थापनेने आपल्या संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावयाचे आहेत. म्हणजे वरची मर्यादाही कायद्याने घातली आहे. तेव्हा हुशार व्यवस्थापक काय करतो? काहींना तो अधिनियमाखाली नोंदवितो आणि उरलेल्यांना ‘इंटर्न’ हे नाव देतो. या दुसऱ्यांचा करार नोंदविला जात नाही, त्यांच्या विद्यावेतनाला किमान मर्यादा राहत नाही, आणि कोणी विचारलेच तर महाविद्यालयाचे पत्र पुढे केले जाते. शिष्य म्हणून नोंद नाही आणि भृतक म्हणून हक्क नाही, अशी त्रिशंकूसारखी अवस्था या मुलांच्या वाट्याला येते.

अशाच एका मुलाची रोजवही आमच्या पाहण्यात आली. मुलगा संकेश्वरजवळच्या एका खेड्यातला, यंत्र अभियांत्रिकीचा, गणितात चांगला. कंपनी मोटारींचे सुटे भाग करणारी, पुण्याकडची; तिचे नाव घेण्याचे कारण नाही, कारण ती इतरांहून वाईट नाही. वहीची पहिली आठ पाने उत्साहाने भरलेली आहेत. कोणते यंत्र कोणत्या देशातले, पात्याची सहनमर्यादा किती, दोष कसा पकडावा, अशी टिपणे त्यांत आहेत आणि मधूनमधून नीटस आकृत्याही आहेत. नवव्या पानापासून एक शब्द येतो, ‘पॅकिंग’. पुढे पाने उलटावीत तो पॅकिंग, पॅकिंग, रात्रपाळी, पॅकिंग. मधल्या दोन महिन्यांत माल मोजून चिठ्ठ्या चिकटविण्याचे काम. वर्षाच्या शेवटी प्रशिक्षणाच्या पुस्तिकेवर साहेबांनी एका बैठकीत बारा महिन्यांच्या सह्या केल्या आणि बारा वेळा ‘समाधानकारक’ असे लिहिले. ज्या विभागांत तो मुलगा पाऊलही टाकू शकला नाही, त्या विभागांतही त्याची प्रगती समाधानकारक ठरली.

याच वहीत एक पान निराळे आहे. जेवणाच्या सुटीत एक म्हातारा टर्नर त्याला आपल्या लेथपाशी उभा करीत असे आणि हत्याराचा आवाज ऐकावयास लावीत असे. धार गेली की आवाज कसा बदलतो, चिपांचा रंग निळा पडला म्हणजे काय समजावे, हे त्याने त्या मुलाला पंधरा दिवस, स्वतःचा घास बाजूला ठेवून शिकविले. त्याला कोणी गुरू नेमले नव्हते आणि त्याचा कोणी मोबदलाही दिला नाही. पुढे त्याची पाळी बदलली आणि ते शिक्षण थांबले. वर्षभरात खरी उमेदवारी झाली ती त्या पंधरा सुट्यांत, एवढेच त्या मुलाचे म्हणणे होते. ते ऐकून आम्हांला कंपनीचा राग आला, त्याहून अधिक त्या वर्षाची कीव आली. शिकविणारा माणूस होता, शिकणारा मुलगा होता, यंत्र होते. दोघांना तासभर एकत्र उभे राहू देण्याची व्यवस्था मात्र नव्हती.

कोणी म्हणेल, मुलाला पैसे तर मिळाले. २०१९ च्या नियमांत पदवीधर उमेदवारास महिना किमान ९,००० आणि पदविकाधारकास ८,००० रुपये ठरविले होते, आणि राष्ट्रीय उमेदवारी योजनेत त्यांपैकी निम्मा भार केंद्र सरकार मालकाला परत करीत आले. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने या रकमा ३६ टक्क्यांनी वाढविण्याची शिफारस केली. आम्ही विद्यावेतनाला नावे ठेवीत नाही. विद्या दिली असती तर आठ हजार पुरेसे होते. परंतु विद्या न देता पॅकिंगचे काम घ्यावयाचे असेल, तर त्या कामाचे वेतन द्यावे. पाहुणा म्हणून बोलवावे आणि भांडी घासून घ्यावीत, हा व्यवहार प्रामाणिक माणसाच्या घरी होत नाही.

दुसरा कोणी म्हणेल, आजची मुले आळशी आहेत, त्यांना खुर्ची हवी. काही असतील. परंतु एक सरकारी आकडा या आरोपाचे उत्तर देतो. २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात पंतप्रधान इंटर्नशिप योजना जाहीर झाली. पाचशे मोठ्या कंपन्यांत पाच वर्षांत एक कोटी तरुणांना बारा महिन्यांचा अनुभव द्यावयाचा, महिना ५,००० रुपये आणि एकदाच ६,००० रुपये द्यावयाचे, असा तो संकल्प. ऑक्टोबर २०२४ मध्ये पहिली फेरी सुरू झाली. सुमारे १ लाख २७ हजार जागा निघाल्या आणि सहा लाखांहून अधिक अर्ज आले. आळशी मुले सहा लाख अर्ज करीत नाहीत. बोलावणी गेली ८२ हजारांहून अधिक, ती स्वीकारली सुमारे २८ हजारांनी, आणि प्रत्यक्ष रुजू झाले ते अवघे पावणेनऊ हजारांच्या आसपास. इतकी मुले दारापर्यंत येऊन का परतली? ५,००० रुपयांत परगावी खोली घेऊन दोन वेळा जेवणे कसे जमावे, याचा हिशेब एकदा त्या मुलांच्या आयांनी मांडला की उत्तर सापडते. ज्याच्या बापाचे घर त्याच शहरात आहे, त्याला हे वर्ष परवडते. संकेश्वरच्या मुलाला ते कर्ज काढून घ्यावे लागते.

तिसरा युक्तिवाद आमच्या काही व्यवसायबंधूंचा. ते म्हणतात, लेखात ‘वेठ’ हा शब्द वापरू नका, कायद्याने ही वेठ नव्हे. राज्यघटनेचे तेविसावे कलम वेठबिगारीला बंदी करते, आणि १९८२ साली आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यावर काम करून घेणे हीदेखील सक्तीची मजुरी ठरविली. शिकाऊ उमेदवाराला किमान वेतनाचा कायदाच लागू नाही, म्हणून हा निर्णय त्याला सहजासहजी लागू पडणार नाही, हे आम्ही मान्य करतो. म्हणूनच शीर्षकात आम्ही प्रश्नचिन्ह ठेवले आहे. परंतु त्या निर्णयामागील तत्त्व वाचकांनी विसरू नये. हातावर बेड्या नसल्या तरी भुकेची आणि निरुपायाची सक्ती ही सक्तीच असते. ज्या मुलाची पदवीच त्या वर्षाच्या सहीवर अडली आहे, तो ‘हे काम माझ्या शिक्षणाचे नाही’ असे कोणत्या तोंडाने म्हणणार?

सीमाभागातील मुलांची तर दुहेरी अडचण आहे. गडहिंग्लजचा मुलगा राष्ट्रीय उमेदवारी योजनेसाठी मुंबईच्या पश्चिम विभागीय मंडळाकडे पाहतो. घटकाभराच्या अंतरावरील संकेश्वरचा मुलगा चेन्नईच्या दक्षिण विभागीय मंडळाकडे पाहतो. महाराष्ट्राने २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली, ती महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी. कागलच्या कारखान्यात एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मराठी मुलांपैकी एकाला तिचा लाभ घेता येई, दुसऱ्याला नाही. कारण दुसऱ्याचे घर वेदगंगेच्या काठी असले तरी सरहद्दीच्या अलीकडे आहे. आम्ही येथे सीमावाद उकरून काढीत नाही. प्रत्येक राज्य आपल्या रहिवाशांचे पाहणार, हे स्वाभाविक आहे. परंतु ज्याच्या पाठीशी कोणतेच सरकार पुरते उभे नाही, त्याच्या पाठीशी समाजाने उभे राहिले पाहिजे, एवढा निष्कर्ष त्यातून निघतो.

हे वर्ष मुळातच निरुपयोगी आहे, असे मात्र आम्ही मुळीच म्हणत नाही. आपल्याच उशाशी संकेश्वरचा हिरण्यकेशी सहकारी साखर कारखाना आहे. साखर कारखान्याचे वर्ष हे उमेदवारीसाठी जणू आखून दिलेले आहे. गळिताच्या हंगामात गव्हाणीत पडलेली मोळी, तिचा रस, त्यावरील चुन्याची व गंधकाची प्रक्रिया, बाष्पीकरण, पॅनमध्ये दाणा धरणे, मळी वेगळी होणे आणि चिपाडावर चालणारी भट्टी हे सारे चालत्या स्थितीत दिसते. हंगाम सरला की तीच यंत्रे खोलली जातात, रोलर उतरतात, झीज मोजली जाते. आधी यंत्र चालताना पाहायचे आणि मग ते उघडून पाहायचे, असा क्रम दुसऱ्या कोणत्या धंद्यात इतका नैसर्गिक आहे? अट एवढीच, की मुलाला दोन्ही अर्धी वर्षे दाखविणारा आणि का हा प्रश्न विचारू देणारा माणूस नेमून दिला पाहिजे.

याच जिल्ह्यातील गुर्लहोसूरला जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण आपण नेहमी देतो. १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान, मग नांगर, आणि १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी. पदवीधर अभियंते त्यांना कोठून मिळणार? त्यांनी साध्या माणसांना हाताशी धरले आणि कामावरच कारागीर केले. त्यांच्या चरित्राची पारायणे करणाऱ्या आमच्या उद्योजकांनी हाही अध्याय वाचावा. जर्मनीत १९६९ च्या व्यवसायशिक्षण कायद्याने हीच गोष्ट नियमात बसविली. शिकविणारा माणूस त्या कामास लायक असला पाहिजे, उमेदवाराला व्यवसायशाळेसाठी वेळ सोडला पाहिजे, आणि शेवटी परीक्षा घ्यावयाची ती मालकाने नव्हे, उद्योग-मंडळाने. ‘समाधानकारक’ या शब्दाची किंमत तेथे मालकाच्या सहीने ठरत नाही, मुलाच्या हाताने ठरते.

आता आपल्याकडे वळू. सरकारकडे मागण्या करणे सोपे आहे आणि त्या केल्याच पाहिजेत. ‘इंटर्न’ या नावाखाली वर्षभर काम करणाऱ्या प्रत्येकाचा करार नोंदविला जावा, आणि प्रशिक्षणाबाहेरच्या कामाचा दंड मालकाच्या लाभाशी प्रमाणात असावा. १९९५ साली उत्तर प्रदेश परिवहन महामंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, बाकी सारे समान असेल तर प्रशिक्षित उमेदवाराला नोकरीत प्राधान्य द्यावे. ते तत्त्व खासगी कारखान्यांच्या भरतीधोरणातही लिहिले जावे. परंतु या मागण्या दिल्लीला पोहोचेपर्यंत चार वर्षांची मुले चार फाटकांतून बाहेर पडलेली असतील.

आपल्या हाती आज काय आहे? १९०१ पासून छत्रपती शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात एकेका समाजाची विद्यार्थी वसतिगृहे उभी राहिली, आणि त्याआधी वार लावून जेवणारी मुले आपल्याच घरांच्या पंगतीत वाढली. विद्यार्थ्याला अन्न आणि आसरा देणे हे देवस्थानाचे काम आहे, याविषयी आपल्या आजोबांना शंका नव्हती. आज पुणे, कोल्हापूर, बेळगाव, मडगाव येथे आपल्या देवस्थानांच्या आणि समाजसंस्थांच्या इमारती आहेत. यात्रेचे आणि लग्नसराईचे दिवस सोडले तर त्यांतील खोल्या कुलुपात असतात. कारखान्यातले वर्ष सुरू होताच महाविद्यालयाचे वसतिगृह त्या मुलाला ‘तू आता विद्यार्थी नव्हेस’ म्हणून बाहेर काढते, आणि कंपनी त्याला ‘तू आमचा कामगार नव्हेस’ म्हणून आसरा देत नाही. त्याला या खोल्या वर्षभरासाठी का मिळू नयेत? मुलींच्या बाबतीत हा प्रश्न दुप्पट महत्त्वाचा आहे. घरातून नकार येतो तो मुलीच्या बुद्धीविषयी अविश्वास म्हणून नव्हे, राहावयाची सोय नाही म्हणून. देवळाच्या आवारात, ओळखीच्या माणसांच्या नजरेखाली खोली मिळाली तर कितीतरी बाप होकार देतील, हे आम्ही आमच्या अशिलांच्या घरांतून पाहतो.

दुसरी गोष्ट अधिक कडू आहे, पण ती बोलल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. आपल्या देवस्थानांच्या समित्यांवर उद्योजक आहेत आणि ते असावेत. पालखीला चांदीचा पत्रा, गाभाऱ्याला संगमरवर, महाप्रसादाला मुक्त हस्ते देणगी ही त्यांचीच. त्यांच्या श्रद्धेविषयी आम्हांला आदर आहे. परंतु त्यांच्याच कारखान्यांत किती मुले ‘इंटर्न’ म्हणून आहेत, त्यांचे करार नोंदविले आहेत काय, त्यांना शिकविणारा माणूस कोण, हे विश्वस्तांच्या सभेत कोणी विचारले आहे काय? देवापुढे चांदी ठेवणाऱ्याने आपल्या फाटकाआतल्या अन्तेवासीला विद्या दिली नाही, तर ती चांदी किती उजळ, याचा निवाडा आम्ही करीत नाही. विज्ञानेश्वराने तो नऊ शतकांपूर्वी करून ठेवला आहे.

म्हणून आमची सूचना अशी. येत्या वार्षिक सभेत प्रत्येक देवस्थानाने दोन ठराव करावेत. एक, रिकाम्या खोल्यांची यादी करून त्या उमेदवार मुलामुलींना माफक दराने द्याव्यात. दोन, समाजातील जो उद्योजक लेखी अभ्यासक्रम, नेमलेला शिक्षक आणि नोंदविलेला करार या तीन गोष्टी देईल, त्याच्याच कारखान्याचे नाव समाजाच्या सूचनाफलकावर लागावे. जो देणार नाही त्याचे लावू नये. करार वाचून देण्याचे काम या भागातील वकीलबंधू विनामूल्य करतील, याची हमी आम्ही घेतो. आई-बापांनीही मुलाच्या पहिल्या विद्यावेतनाचे पेढे वाटण्याआधी त्याला एकच प्रश्न विचारावा, ‘बाळ, या आठवड्यात काय शिकलास?’ दोन आठवडे उत्तर ‘पॅकिंग’ असे आले, तर विद्यार्थ्याला पाठविणाऱ्या महाविद्यालयाला आणि घेणाऱ्या कंपनीला त्यांनी लेखी पत्र लिहावे. एका बापाच्या पत्राने काही होणार नाही, हे खरे. पन्नास बापांची पत्रे एकाच देवस्थानाच्या शिक्क्याखाली गेली, तर ती वाचावी लागतील.